तारीख नसलेली पत्रं

११ मार्च २०२५

तीर्थरूप अण्णा,
नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

डोकं मात्र तापलंय. हजारो जुनी पुस्तकं कॉम्प्युटरात घालून कुठला शब्द कधी आला, कधी गेला, ते आम्ही शोधतो. वापरातून गेलेला एक शब्द चाळीस वर्षांनी परतलेला दिसला म्हणून मी चार महिने हवेत होते. काल कळलं की ती पुस्तकं जुनीच, फक्त पुन्हा छापलेली. नोंदीत वर्ष नव्या छपाईचं. आमच्या प्रकल्पाच्या मॅडमनी विचारलं, "ही वर्षं भरली कुणी?"

मीच. चार महिने पाण्यात.

त्याच तिरमिरीत घरी येऊन तुमची पत्रं लावायला बसले. तुम्ही कधी तारीख घालत नाही, सांगून थकले. तरी अक्षरावरून क्रम लागला. आधी ओळी सरळ आहेत, पुढे त्या खाली उतरत जातात, आणि शेवटच्या तीन पत्रांत हात थरथरलेला स्पष्ट दिसतो.

"प्रकृती उत्तम" तेवढं पहिल्या पत्रापासून जसंच्या तसं आहे.

डॉक्टरांकडे कधी जाताय ते लिहा. दादाकडून लिहवून घेऊ नका. आणि वर तारीख घाला.

तुमची,
धाकटी