तीन सीझनची नोकरी

स्प्रिंगफील्ड लेक्स,
१४ जून २०२५

प्रिय चित्राताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही बरे आहोत. फोनवर बोलताना मध्येच रडले असते, म्हणून लिहितेय. इथे थंडी पडलीय. उर्वीचे पुढचे दोन दात पडलेत, मुद्दाम शीळ घालत फिरते.

सिडनीच्या नोकरीबद्दल तू तीनदा अभिनंदन केलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. तुझ्या लक्षात आलंच असेल.

वरुणचा इथल्या हॉकी क्लबशी करार मार्चमध्ये संपला, म्हणजे तो कुठल्याही संघात जायला मोकळा झाला. गोलकीपर असला तरी चौतिशी उलटली. हा बहुधा शेवटचाच करार. सिडनीच्या क्लबला तो हवा होता. पण लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातलीय, सॅलरी कॅप म्हणतात तिला, आणि त्यांची जवळजवळ भरलेली. त्यांचा मॅनेजर आमच्याकडे जेवायला आला तेव्हा म्हणाला, "कॅपमध्ये फार जागा नाही, मेट. पण फॅमिलीची काळजी आम्ही घेऊ."

आठवड्याभरात मला एका बांधकाम कंपनीचं ऑफर लेटर आलं. ताई, तीन वर्षं अर्ज करतेय, कुणी साधा नकारही कळवत नाही. आणि इथे इंटरव्ह्यूसुद्धा नाही! चार दिवस मी हवेत होते. मग पत्र नीट वाचलं. मुदत: तीन सीझन. सिव्हिल इंजिनिअरची नोकरी कुणी सीझनमध्ये मोजतं का?

कंपनी त्या क्लबची स्पॉन्सर निघाली. काम काय असेल ते विचारायला फोन केला, तर तिथली बाई हसून म्हणाली, "ओह, गोलकीपरची वाइफ! नो वरीज, रोज यायलाच हवं असं नाही."

मला वाटलं, क्लब आपल्याला गुंडाळतोय. वरुणला सगळं सांगितलं. तो पॅड पुसत राहिला.

"तुला माहीत होतं?"

"मीच सुचवलं. त्यांच्या कॅपमध्ये मी मावत नव्हतो. आणि तुलाही नोकरी हवीच होती ना?"

"मला माझी नोकरी हवी होती. तुझा उरलेला पगार नको होता."

मी नकार कळवला. दोन दिवसांत क्लबने त्याची ऑफर मागे घेतली. इथल्या क्लबने तोवर दुसरा गोलकीपर घेतला होता. आता वरुण एका शाळेत मुलांना हॉकी शिकवतो. माझ्यावर चिडत नाही, आणि तेच जड जातं.

काल पर्थच्या एका क्लबचा फोन आला. मी न विचारताच त्याने स्पीकर लावला. त्यांच्याकडे जागा आहे, सगळं सरळ बोलले. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी शब्द न् शब्द तपासत होते: हे बोलणं आधीच एकदा झालं नसेल ना?

बाबांना तू काही सांगू नकोस. मीच सांगेन. क्लबने फसवलं म्हणू, की वरुणने, तेवढं ठरलं की.

तुझी,
सुखदा