ताटाच्या कडेचे काटे

दादा,

बाबांच्या कंपवाताच्या गोळ्या आणायला अलिबागला जाते आहे. परतायला उशीर होईल. दुपारी त्यांना फक्त खिमट देत जा. मासळी खाल्ली की गोळी लागू पडत नाही आणि ते जागच्या जागी थिजतात.

आजही थिजले. आई वारली तेव्हापासून या घरात मासळी शिजलेली नाही. तरीही ताटाच्या कडेला बांगड्याचे काटे ओळीने मांडलेले होते, आई मांडायची तसेच. बाबांच्या थरथरत्या बोटांना ते जमणारे नाही. विचारले तर शांतपणे म्हणाले, "तुजे आयशीनं भरवलान."

बंदरावरून बांगडा आण आणि काटे काढून रात्री त्यांना पोटभर भरव; झोपेत थिजले तरी चालेल. त्यांची मासळीची भूक उरली, तर उद्या दुपारी आई पुन्हा येईल.

पूर्वी