झडती म्हणता यावी म्हणून मर्जी काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
मा. राज्यपाल महोदयांचे कार्यालय,
मुंबई.

अर्जदार : शेषराव तुळशीराम गावंडे, मोटारपंप दुरुस्ती, मौजे बोरखेडी, ता. दर्यापूर, जि. अमरावती.

विषय : राज्य मौखिक परंपरा संवर्धन आयोगाच्या सदस्यपदावरून (आणि आता प्रभारी अध्यक्षपदावरूनही) माझी सुटका व्हावी, यासाठी मा. राज्यपाल महोदयांनी माझ्यावरील मर्जी येत्या पोळ्यापूर्वी काढून घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या नियुक्तीची अधिसूचना. २) माझा राजीनामा. ३) माझा राजीनामा मला स्वीकारता येत नसल्याबाबत मी मला पाठवलेले पत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सादर करतो की, मी गावात मोटारपंप दुरुस्त करतो आणि पोळ्याला झडती म्हणतो. पहिल्या कामावर माझे घर चालते आणि दुसऱ्यावर मी चालतो. आपण मुंबईत असल्याने खुलासा करतो की, येथे झडती म्हणजे पोलीस घेतात ती नव्हे. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलजोड्या मारोतीच्या पारापुढे तोरणाखाली उभ्या राहिल्या की झडतीवाला पारावर चढतो आणि यमकात बांधलेल्या चार ओळी खड्या आवाजात म्हणतो. सरपंच, तलाठी, सोसायटीचे चेअरमन, बियाण्यांचे दुकानदार, ज्याचे जे वर्षभरात साचले असेल ते तीत निघते. ज्याच्यावर झडती त्याने हसायचे, उलट बोलायचे नाही. शेवटी सारे गाव महादेवाचा गजर करते आणि मग पोळा फुटतो, म्हणजे बैल घरी जातात. आमच्या गावात आधी माझे वडील झडती म्हणत, त्यांच्यानंतर मी म्हणत आलो.

२. मागे एका पोळ्याला अमरावतीहून एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी माझी झडती मोबाइलमध्ये घेतली, पोट धरून हसले आणि पुरणपोळी खाऊन गेले. पुढे मला एक जाड सरकारी लिफाफा आला. आत 'संमती आहे / नाही' असा कागद होता. आमच्याकडे सरकार संमती विचारते ती सत्कारासाठीच, अशी समजूत आहे. शाल, श्रीफळ, गटाचा फोटो आणि संध्याकाळच्या एसटीने परत. त्या समजुतीत मी 'नाही' खोडले, सही केली आणि शाल शक्यतो गडद रंगाची असावी, फिकी लवकर मळते, असेही खाली लिहिले. शाल आली नाही. अधिसूचना आली. महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने मला उपरोक्त आयोगावर अमरावती विभागाचा अशासकीय सदस्य नेमण्यात आले होते. गावाने त्याच दिवशी एसटी थांब्यावर माझा फ्लेक्स लावला. त्यात मी गॉगल घातलेला आहे. मी गॉगल वापरत नाही.

३. खरी अडचण येथून सुरू होते. गावाचा जुना नेम आहे की, पदावरच्या माणसाने झडती म्हणायची नाही. सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, कोणीच नाही. तोरणाचा मान सांभाळणारे आमचे ज्येष्ठ नत्थुजी हे या नेमाचे शेवटचे कोर्ट आहेत. अधिसूचना त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "शेषराव, आता तू सरकार झाला. सरकारनं झडती म्हनाची नसते, झडती खाची असते." मी त्यांना समजावले की आयोगाचे कामच मुळी झडती जपण्याचे आहे. त्यावर ते म्हणाले की मग जप, म्हणू नको.

४. त्यामुळे गेल्या पोळ्याला मला पारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर मानकरी म्हणून बसवले. मानकऱ्याची जोडी तोरणाखाली पहिली लागते. माझ्याकडे बैल नाहीत, लोकांच्या मोटारी आहेत. म्हणून नत्थुजींचीच जोडी माझ्या नावाने उभी केली. ती सारखी मालकाकडे मान वळवून पाहत होती. झडती म्हणायला कुलदीप या डीजेवाल्या गृहस्थाला उभे केले. त्यांनी ती इंटरनेटवरून उतरवून मोबाइलमध्ये पाहून म्हटली. तीत ऊस होता, साखर कारखाना होता. महोदय, आमच्या शिवारात कपाशी, तूर आणि सोयाबीन होते. ऊस आमच्याकडे रसवंतीवर पाहायला मिळतो. मध्येच मोबाइलची स्क्रीन काळी झाली, कुलदीप अंगठा लावत राहिले आणि सारे गाव माझ्याकडे पाहू लागले. पुढचे यमक माझ्या जिभेवर येऊन बसले होते. मी ते गिळले. त्या क्षणी मला रडू आले आणि लोकांना वाटले की मानाने ऊर भरून आला. तसे दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटोसह जाहीरही झाले.

५. पूर्णा नदीच्या पलीकडे अकोला जिल्हा लागतो. तेथे एका गावी माझी मेहुणी पौर्णिमा दिलेली आहे. आमच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे तान्हा पोळा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांचा पोळा भरतो. जिल्हा बदलला की पद गळून पडेल आणि निदान लाकडी बैलांपुढे तरी म्हणता येईल, अशा आशेने मी डोक्याला दुपट्टा बांधून गेलो. परंतु त्या गावाने अधिसूचना माझ्यापेक्षा बारकाईने वाचलेली निघाली. अमरावती विभागात अकोला येतो, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळही येतात. लाकडी बैलांपुढेही मला शाल देऊन खाली बसवण्यात आले. शाल फिकी होती.

६. सबब मी राजीनामा दिला. आयोगाच्या कक्षाने तो परत केला व कळवले की, राजीनामा अध्यक्षांकडे सादर करावा, तथापि अध्यक्षपद आयोग स्थापन झाल्यापासून रिक्त आहे. बैठक बोलावण्याची विनंती केली असता कळवण्यात आले की, बैठक अध्यक्ष बोलावतात. अमरावतीत एका कार्यालयात मी हे कागद घेऊन फिरलो. तेथील एका भल्या बाबूंनी (नाव देत नाही, त्यांची बदली नुकतीच घराजवळ झाली आहे) नियमावली उघडून एका ओळीवर बोट ठेवले. सदस्य हा मा. राज्यपाल महोदयांची मर्जी असेपर्यंत पद धारण करील. म्हणजे मर्जी गेली की पद गेले. या एका दाराशिवाय मला बाहेर पडायला दार नाही.

७. त्या दिवसापासून मी मर्जी घालवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत आहे. बैठकांना गैरहजर राहावे असे ठरवले, पण बैठकच होत नसल्याने माझी गैरहजेरी कोणाच्या लक्षात आली नाही. मग मी आयोगाला बोचरी पत्रे लिहू लागलो. एका पत्रात, हा आयोग म्हणजे दाणे काढून घेतल्यावर उरलेले तुरीचे कुटार आहे, असे लिहिले. उत्तर आले की, आपल्या मौलिक सूचनांची नोंद घेण्यात आली आहे. आणखी कडक लिहिले. त्याचा परिणाम असा झाला की, सर्व सदस्यांपैकी आयोगाशी नियमित पत्रव्यवहार ठेवणारे आपण एकमेव असल्याने, पुढील आदेशापर्यंत अध्यक्षपदाचा प्रभार आपल्याकडे देण्यात येत आहे, असा आदेश मला गेल्या महिन्यात मिळाला. मुख्यालय : माझे दुकान.

८. अध्यक्षपद भरले गेल्याने मी तत्काळ माझा राजीनामा अध्यक्षांकडे, म्हणजे माझ्याकडे, रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोस्टमनने तो मला दिला आणि पोच म्हणून माझीच सही घेतली. राजीनामा वाचून मला अर्जदाराबद्दल फार वाईट वाटले. परंतु स्वतःचा हितसंबंध असलेल्या प्रकरणात अध्यक्षांना निर्णय घेता येत नाही, असे नियमावलीत आहे. म्हणून मी अर्जदारास तसे कळवले व प्रकरण दप्तरी दाखल केले. या निर्णयाविरुद्ध अपील मा. राज्यपाल महोदयांकडे चालते. तेही याच अर्जात वाचावे.

९. मर्जी काढून घेण्यास सबळ कारण लागेल, हे जाणून मी माझे दोष पुढीलप्रमाणे मांडतो. सोमवारी देतो म्हणून सांगितलेली मोटार मी शुक्रवारच्या आत कधीही दिलेली नाही. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीस सारा जनसमुदाय मौन श्रद्धांजली वाहत असताना मला शिंक आली आणि ती मी दाबली नाही. साळ्याच्या लग्नात मी नवरदेवाच्या मामांशी पत्रावळीवरून भांडलो. मा. राज्यपाल महोदयांचे नाव मला अधिसूचना हाती येईपर्यंत ठाऊक नव्हते. पत्नी सौ. ललिता यांनी यादीत भर घालण्याची तयारी दर्शवली होती, मात्र त्यांची पहिली चार कारणे ऐकल्यावर हा अर्ज आहे, घटस्फोटाचा दावा नव्हे, असे सांगून मी त्यांना थांबवले.

वरील दोषांस ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा म्हणून मी सरपंच बेबीताई तायडे यांच्याकडे गेलो. त्यांच्याकडे वर्तणुकीच्या दाखल्याचा एकच छापील नमुना आहे आणि त्यात वर्तणूक चांगली असल्याचे आधीच छापलेले आहे. "वाईट वर्तनुकीचा नमुनाच नाई सरकारनं देला, मी काय करू?" असे त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी 'चांगली' या शब्दाच्या आधी हाताने 'फारशी' घातले आणि पुढचे 'आहे' खोडून 'नाही' केले. पण छापील मजकुरात खाडाखोड झाल्याने शिक्का मारता येत नाही, असे सांगितले. दाखला बिनशिक्क्याचा जोडला आहे. कृपया गोड मानून, म्हणजे कडू मानून, घ्यावा.

१०. महोदय, एवढे करून मर्जी जाईल याची खात्री मला वाटेना. म्हणून नाइलाजाने मा. राज्यपाल महोदयांवरच झडती रचली. झडती कागदावर लिहायची नसते, म्हणायची असते, परंतु पदावर असल्याने मला म्हणता येत नाही आणि न म्हणता आपल्यापर्यंत पोचवण्याचा दुसरा मार्ग नाही. ती अशी :

मुंबईच्या बंगल्यात मोर नाचते भारी,
कोनं माह्या गळ्यात बांधली पदाची दोरी?
ना चारा, ना पानी, ना वावर, ना शिवार,
सोड गड्या खुट्यावरून, बैल झाला बेजार!

यातील 'गड्या' हे संबोधन मा. राज्यपाल महोदयांस उद्देशून असून ते जाणूनबुजून वापरले आहे. 'मोर' या शब्दातून कोणावर रोख आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. झडती वाचून मा. महोदयांस हसू आल्यास ते मर्जीत धरू नये. आमच्याकडे ज्याच्यावर झडती तो हसतोच, तसा नेम आहे, त्याचा राग-लोभाशी संबंध नाही.

११. आता जे घडले ते लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. झडती कागदावर उतरवल्यावर यमक बसले की नाही हे कळेना. ते कानानेच कळते. काल दुपारी दुकानात कोणी नाही असे पाहून मी ती एकदा हळू म्हटली. हळू आवाजात ती मेल्यासारखी वाटली. मग मी उभा राहिलो आणि जशी म्हणायची तशी म्हटली. गेल्या पोळ्यापासून बंद पडलेला माझा आवाज इतका मोकळा निघाला की टेबलावरच्या मोटारीवर ठेवलेला पाना खाली पडला. आतून ललिताने, पिठाचे हात तसेच ठेवून, महादेवाचा गजर केला. तेव्हा माझ्या लक्षात आले की दारात नत्थुजी उभे आहेत. ते पंपाची मोटार विचारायला आले होते.

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "शेषराव, तू नेम मोडला. आता मले तक्रार करा लागते." मी मान खाली घातली. ते जायला वळले, उंबऱ्यावर थांबले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पन आंदी एकडाव पुन्हा म्हन."

मी पुन्हा म्हटली. महोदय, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. त्यांची तक्रार त्यांच्या अंगठ्याच्या ठशासह सोबत आहे. तीत लिहिलेले सर्व खरे असून मला त्यावर काही म्हणायचे नाही.

१२. तरी नम्र विनंती की, आयोगाच्या प्रभारी अध्यक्षाने भर दुपारी, मुख्यालयात, एकाच बैठकीत दोनदा केलेल्या या नेमभंगाची गंभीर दखल घेऊन मा. राज्यपाल महोदयांनी माझ्यावर तीव्र नाराज व्हावे व तसा आदेश पोळ्यापूर्वी निर्गमित करावा. आदेश वेळेत आला तर मी आपला जन्मभर ऋणी राहीन. नाही आला तरी त्या दिवशी खुर्चीवर कुलदीप बसतील आणि पारावर मी चढेन. पद माझ्या गळ्यात राहील की जाईल हे आपल्या हातात आहे, पण झडती मी म्हणणार आहे.

आपल्या नाराजीची वाट पाहणारा,

(सही)
शेषराव तुळशीराम गावंडे
झडतीवाला
(पुढील आदेशापर्यंत प्रभारी अध्यक्ष)

ठिकाण : बोरखेडी
दिनांक : २१ जुलै २०२५

सोबत : १) अधिसूचनेची प्रत. २) वर्तणुकीचा दाखला, खाडाखोडीसह, बिनशिक्क्याचा. ३) नत्थुजी यांची तक्रार. (तक्रारदारास लिहिता येत नसल्याने ती त्यांच्या सांगण्यावरून आरोपीने लिहून दिली आहे. तीत शेवटी 'झडती बेस होती' हे वाक्य तक्रारदाराच्या आग्रहावरून घेतले आहे.)