पहिल्या पाचातलं पाचवं नाव

मंगळवार, संध्याकाळ. परंडा

कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धा महिन्यावर आल्यात. आज सराव संपल्यावर सरांनी मला थांबवलं. "कॅप्टन हायस, पहिल्या पाचात कोण घ्यायचं सांग."

चार नावं पटापट सांगितली. पाचवं दोन वर्षं माझंच असायचं. पण यंदा सोनारीची रेणुका आलीय, पहिल्या वर्षाला. काय डावा हात आहे तिचा! आज तिनं मला तीनदा चकवलं, तिन्ही वेळा डावीकडनं. कळत होतं, तरी अडवता आली न्हाय. गुडघा दुखतोय म्हणून? छे, खोटं कशाला लिहू? गुडघा धड असता तरी तो डावा हात मला आवरला नसता.

"पाचवी रेणुका," मी म्हणाले.

"आन् तू? शेवटचं वर्ष हाय तुझं."

"व्हय सर. पण गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरलो, तेव्हा मीच खेळत होते."

सरांनी लगेच तिचं नाव लिहिलं. इतक्या लगेच? एकदा तरी नको म्हणतील, असं वाटलं होतं.

रेणुका स्टँडवर सोनारीच्या गाडीची वाट बघत होती. तिला सांगितलं, तर तिचं तोंडच उतरलं. "ताई, तुमी नसल्यावर मला बॉल कोण देणार?"

"शिकवते की एखादीला," मी हसून म्हणाले.

तिची गाडी गेली आणि मला तिथंच, लोकांत, रडू आलं. तरी सरांकडं जाऊन नाव बदलावं, असं काही वाटलं न्हाय.