भांड्याचा उपवास

गिंबोत महिना, तारीख १२, मंगळवार

प्रिय देस्ताव,

आज उपकेंद्रात नऊ मुलं वजनाला आली. दोघांना लस टोचली, एका बाळंतिणीचे टाके पाहिले. दुपारनंतर कुणी आलं नाही, म्हणून कुलूप लावून घरी आले आणि लिहायला बसले.

तुझा निरोप बसच्या ड्रायव्हरने सांगितला. रविवारी तू येणार, पंच बसणार आणि तुझ्या बायकोला, यितायिशला, कायमचं तिच्या बापाच्या घरी पाठवायचं ठरणार. लेकराला उपाशी मारणारी बाई घरात नको, असं तू म्हणालास. पंचांना दाखवायला मी उपकेंद्राची नोंदवही घेऊन यावी, असंही म्हणालास. त्या वहीत तुझ्या लेकीच्या, त्सिगेच्या, नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'वेळेवर सल्ला दिला. आईने ऐकला नाही.' तू ते सुटी संपवून परत जायच्या आधी वाचलंस. म्हणून आता मला लिहायला हवं.

त्सिगे सहा महिन्यांची झाली ती सणाआधीच्या मोठ्या उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यात. तू तेव्हा शहरात बांधकामावर होतास. उपवास लागायच्या आधी मी नेहमीप्रमाणे बायकांना गोळा करून सांगितलं होतं की सहा महिन्यांनंतर मुलाला नुसतं अंगावरचं दूध पुरत नाही, पेजेत अंडं कालवा, लोणी घाला. सात वर्षांच्या आतल्या मुलाला उपवास नसतो, आपले पुजारीही हेच सांगतात. आपली आई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "लेकराला नसेल गं उपवास, डॉक्टरीणबाई, पण भांड्याला आहे ना!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

आईच्या घरात एकच मातीचं भांडं. उपवासाचे पंचावन्न दिवस अंडं, लोणी, मांस वर्ज्य; भांड्यात अंडं शिजलं की ते बाटलं, आणि त्यातलं खाणाऱ्या सगळ्यांचा उपवास मोडला. यितायिशने दुसरं लहान भांडं आणू का, असं आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "दोन वर्षं झाली नाहीत येऊन, आणि बाई वेगळी चूल मांडायला निघाल्या." त्यानंतर यितायिशने विषय काढला नाही. त्सिगेला जवाची पातळ पेज मिळायची, आणि हरभऱ्याच्या कालवणात भिजवलेला इंजेराच्या भाकरीचा तुकडा. यितायिश स्वतःही उपवास करत होती. तू तरी सोड, अंगावर पाजतेस, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "वन्सं, सासूबाई ताटात बघतात."

मी दर आठवड्याला त्सिगेच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावायची. ती पट्टी धरून तोंडाकडे ओढायची आणि चाटायची. तिला वाटायचं, मी काही खायलाच आणलंय. तिसऱ्या आठवड्यात दंड हिरव्यावरून पिवळ्यावर, म्हणजे धोक्याकडे, आला आणि पिवळ्यातच राहिला. मग ती पट्टी ओढेनाशी झाली.

सणाला तू आलास. आईने कोंबडीच्या रश्श्यात बारा अंडी सोडली होती. तू दोन खाल्लीस, मी एक. असा रस्सा शहरात मिळत नाही, असं तू म्हणालास. यितायिशने पिवळ्या बलकाचं बोट त्सिगेच्या जिभेला लावलं. ते ओठांवरून परत बाहेर आलं. कुणी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं. पुढच्या बुधवारी जुलाब सुरू झाले. मी मीठ-साखरेचं पाणी करून पाजत होते, दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत शुक्रवार उजाडला आणि त्याच सकाळी ती गेली. तू तिला नीट सहा दिवससुद्धा पाहिलं नाहीस, हे मला समजतं. पण माती लोटून आल्यावर तू बायकोला पहिला प्रश्न विचारलास तो, "तू तिला काय घालत होतीस?" एवढाच. घालायला तिच्या हातात काय होतं, हे कुणी विचारलं नाही. आई तेव्हा तिथेच कॉफी ओतत होती.

आता राहिलेलं लिहिते. सणाला बावीस दिवस उरले होते तेव्हा यितायिश माझ्या दाराशी आली. त्सिगे पाठीला बांधलेली, शालीच्या टोकात दोन अंडी, तिच्या माहेरून आलेली. ती म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे ते छोटं पातेलं आहे. इथंच उकडते, इथंच भरवते, घासून पालथं घालते. कुणाला कळायचं नाही." माझं पातेलं ॲल्युमिनियमचं आहे. राखेने घासलं की त्यात काही राहत नाही. हे मला माहीत आहे, मी हेच शिकवते, त्याचा मला पगार मिळतो. मी तिला म्हटलं, "बावीसच दिवस राहिलेत गं. सण झाला की रोज दे." तिने विचारलं, "तुम्हीच ना सांगितलंत, तिला उपवास नसतो?" माझा उपवास होता. लहानपणापासून एकही मोडला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता. यितायिश अंडी पुन्हा बांधून गेली. त्सिगे गेल्यानंतर तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी मी वहीत ती ओळ लिहिली. लिहिताना हात थांबला नाही.

ती ओळ मी आज खोडली आहे. खाली घडलं ते लिहून सही केली आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. या पत्राची एक नक्कल पुजाऱ्यांकडे दिली आहे, रविवारी ते ती पंचांपुढे वाचतील, त्यामुळे हे तू फाडलंस तरी चालेल. यितायिशने या सगळ्यात एकदाही माझं नाव घेतलेलं नाही. तिला तू ठेवायचं की नाही, हे तुझं तू बघ. पण माझ्या अक्षराचा आधार घेऊन तिला काढू नकोस. माफी मी तुझ्याकडे मागत नाही, ती मागायची ते घर दुसरं आहे, यितायिशचं माहेर. तिथे मी उद्या सकाळी जाणार आहे. ती दार उघडेल असं वाटत नाही.

ढग आलेत. अंगणात गोवऱ्या वाळत घातल्या आहेत, त्या रचून आत घेते.

तुझीच थोरली बहीण,
अस्नाकेच