डोरोथियाच्या लॉकेटमागची बट

३ मार्च
आज पुन्हा तेच! उजेडानं रंग उडतात म्हणून संग्रहालयातल्या त्या लॉकेटमधल्या चिमुकल्या चित्रावर चामड्याचं झाकण असतं. ते मी उचललं की लोक आधी पाटी वाचतात. "डोरोथिया वेन. लॉर्ड ॲशकोम यांची प्रेयसी." बस्स! बाईनं दोनशे वर्षांपूर्वी बाथ शहरातलं नाट्यगृह वर्षानुवर्षं गच्च भरलेलं ठेवलं. ती पुरुषांच्या भूमिका करायची तेव्हा तर लोक दारं मोडायचे — विजार, तलवार, घोड्याच्या केसांचा टोप! ते कुठं आहे पाटीवर? मीही जन्मभर रंगमंचावर झिजले. मला राग येणार नाही तर कोणाला?

म्हणून झाकण उचललं की मीच सांगते सगळं. आज एक आजोबा म्हणाले, "अहो, पाटीपेक्षा तुम्हीच बऱ्या."

७ मार्च
संग्रहालयाच्या प्रमुखांनी, लायलसाहेबांनी, बोलावलं. चहा दिला, बिस्किट नाही. तेव्हाच ओळखलं.

"मिसेस क्रॅबट्री, लोकांना प्रेमकथा आवडते. लॉकेटच्या मागं लॉर्डसाहेबांच्या केसांची बट आहे. आणखी काय हवं?"

प्रियकराची बट मागं ठेवायची रीतच होती तेव्हा, मान्य. "पण ती त्यांचीच कशावरून?"

"दुसऱ्या कोणाची असणार?"

मी म्हटलं, पाटी बदला. ते म्हणाले, तुमची जागा बदलतो.

८ मार्च
कोट ठेवायच्या खिडकीवर बसवलंय. ओल्या छत्र्यांचा वास. प्रत्येकाला बिल्ला देताना सांगते, वर एक मोठी नटी आहे, पाटी वाचू नका. काढून टाकतील? टाका!

१९ मार्च
ॲशकोम घराण्याचे वारस येणार आहेत म्हणे. साहेबांना त्या बटेचा भलामोठा फोटो भिंतीवर लावायचाय. मागची काच धुरकटलीय, म्हणून नेरिसला ती उघडून साफ करायला सांगितलंय — जुन्या वस्तूंची डागडुजी तीच करते. वाईट वाटलं, कशाला लपवू? आता डोरोथिया कायमची लॉर्डची.

२४ मार्च
नेरिस धावत खिडकीशी आली. "विनी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं मी! माणसाचे केसच नाहीत ते. घोड्याचे आहेत! एका टोकाला टोपाच्या जाळीचा दोराही आहे!"

डोरोथिया बये! लॉर्डच्या केसांच्या जागी स्वतःच्या टोपाची बट ठेवलीस!

कोटांत तोंड खुपसून हसले, मग रडले. मग कोणाला न विचारता वर गेले आणि झाकण उचललं.