विळा खाली ठेवायचा

अण्णा, आज सकाळी मी नव्या माळ्याला झापणार होते. तो बहादरपूरहून आठवड्यातून दोनदा येतो, परसातली केळीची दोन बेटं आणि जास्वंदीचं कुंपण बघतो. गेल्या खेपेला तो विळा ओल्या मातीत टाकून गेला होता. चार दिवस. पात्यावर केळीचा चीक तसाच वाळलेला, त्याच्यावर गंज. "हे हत्यार आहे की उष्टं ताट?" मी विचारलं. शिकवणं सोडून इतकी वर्षं झाली तरी माझा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्याला काही वाटलं नाही. त्याने विळा पँटीला पुसला. मी हात पुढे केला, पण त्याने तो माझ्या हातात दिला नाही. वाकून फरशीवर ठेवला, मूठ माझ्याकडे करून, आणि दोन पावलं मागे सरला. "उचला बाई." मी म्हटलं, "हातात द्यायला काय झालं?" "हातात दिला तं भांडण होते नं." "ते तर चालूच आहे," मी म्हटलं. तो हसला. मी मात्र झापणं तिथेच सोडलं आणि आत येऊन हे लिहायला बसले.

तुम्ही तहसील कचेरीतून यायचात, सायकल भिंतीला लावायचात आणि चहाच्या आधी परसात जायचात. विळा, खुरपं, कात्री, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. कुदळ उभी, पातं भिंतीकडे. दाताळ्याचे दात नेहमी जमिनीकडे, कारण उलटं पडलेल्या दाताळ्यावर पाय पडला की दांडा कपाळात बसतो, आणि तसा तो काकांच्या कपाळात बसलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. कोपऱ्यात तो डबा. त्यात तापीची बारीक वाळू, आणि मोटार दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेलं जळकं तेल. काम झालं की चीक लगेच पुसायचा, पातं त्या वाळूत तीनदा खुपसायचं, मुठीला जवसाचं तेल चोळायचं. आई ओट्यावरून म्हणते, "एवढं तेल माझ्या डोक्याला लावलं असतं तर केस टिकले असते." तुम्ही म्हणता, "तुला गंज चढत नाही ना, म्हणून."

त्या वर्षी मी बारा वर्षांची आहे, कॉन्व्हेंटमध्ये शिकते आणि मला सगळं कळतं. नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. भोपाळहून कागद हिंदीत येऊ लागलेत, आणि मोडीत वळलेला तुमचा हात आता हिंदीची परीक्षा देणार आहे, खंडव्याला. ती पास झाली की हेडक्लार्कची जागा तुमची, असं कचेरीत सगळेच धरून चाललेत. रोज संध्याकाळी तुम्ही माझं हिंदीचं पुस्तक समोर घेऊन लिहिता आणि मी लाल पेन्सिलीने तुमच्या चुका काढते. मला त्यात फार मजा येते. तुम्हीही ती येऊ देता.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तुम्ही केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होता. विळा मागितलात. मी आणला. "खाली ठेव, मी उचलतो." मी म्हटलं, "सिस्टर म्हणतात, या सगळ्या अडाणी समजुती आहेत. भांडण कसं होईल?" तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहिलात. "भांडण होत नाही गं. बोटं जातात. पण बोटं जातील म्हटलं तर कोणी ऐकत नाही, भांडणाला मात्र सगळे भितात. पहिले खाली ठेव." मी ठेवला नाही. मूठ माझ्या हातात, पातं तुमच्याकडे. "घ्या." तुम्ही हसलात. "घेतो, मेमसाहेब."

उजवा अंगठा, पार खोलवर. केळीच्या पानावर रक्त पडलं आणि ओघळून खाली गेलं. आई बाहेर यायच्या आत तुम्ही डाव्या हाताने विळा उचललात, धोतराला पुसलात, वाळूत खुपसलात. तीनदा. अंगठा त्याच्यानंतर बांधलात. आईला म्हणालात, "घसरला."

परीक्षा त्या वर्षी राहिली. पुढच्या वर्षी दिलीत तेव्हा तुमच्या हाताखालचा माणूस त्या खुर्चीत बसलेला होता, आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत त्याच्यासमोर फायली घेऊन उभे राहिलात. आईने ते कधी सोडलं नाही. पाहुणा आला की सुरू. "वीस वर्षं विळा चालवला आणि नेमका त्याच आठवड्यात हात कापून घेतला, असा आमचा वेंधळा." तुम्ही सुपारी कातरत ऐकायचात. मी तिथेच असायचे, अभ्यासाचं पुस्तक उघडून. अंगठा कापल्याच्या तिसऱ्या दिवशी, तो बांधलेला असताना, तुम्ही मला परसात बोलावलंत. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही माझ्या हातात कानस दिलीत आणि धार लावायला शिकवलंत. एकाच दिशेने, अंगापासून दूर. "घाई करून राहिली तू. धार आपली वाट बघते, पळून नाही जात."

तुमच्या तेराव्यालाही काकांनी ती गोष्ट सांगितली. सगळे हसले. मीही हसले. आई तुम्हाला वेंधळा समजूनच गेली, आणि मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना खरं बोलायला शिकवत राहिले. माझ्यासारखी कोणी वर्गात असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

माळी गेल्यावर मध्येच उठून विळा घासला. डबा अजून तोच आहे, वाळू दोनदा बदलली. हे पत्र त्याच्या वरच्या फळीवर ठेवीन, दुसरीकडे पाठवायचं तरी कुठे? फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही पातं अगदी नीट धरलं होतंत, अण्णा, बोथट बाजूने, चिमटीत. हातात देऊनही काही होत नाही, हे मला दाखवायचं होतं, पण तुम्ही हसलात म्हणून मला राग आला. विळा घसरला नाही. मी ओढला.